चाकांची चमक आणि तिची निगा

दोन वर्षांपूर्वींच्या दसऱ्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. देवांचीं उपकरणीं चिंचेनें घासून लख्ख झालीं होतीं, झेंडूच्या माळा ओवून तयार होत्या, आणि दुसऱ्या दिवशीं पूजेला उभी राहावयाची म्हणून मोटार धुण्याचें काम आमच्या पुतण्याकडे आलें होतें. गाडीचें अंग त्यानें मन लावून धुतलें. परंतु चाकांवर बसलेला काळा थर साबणाच्या पाण्याला दाद देईना. तेव्हां त्यानें न्हाणीघरांतील फरशी धुण्याच्या अ‍ॅसिडची बाटली आणून चाकांवर उपडी केली. क्षणभर फेस आला, नाकाला झोंबणारा वास सुटला आणि काळेपणा वाहून गेला. पुतण्यानें मोठ्या अभिमानानें हांक मारिली, "काका, बघा कशीं झालीं आहेत तीं!"

चाकें खरोखरच आरशासारखीं दिसत होतीं. पण दुसऱ्या दिवशीं पूजेच्या वेळीं त्यांवर पांढुरके ओघळ उमटलेले दिसले, आंतील ब्रेकच्या चकत्या तांबूस गंजल्या होत्या, आणि दिवाळीपर्यंत दोन चाकांच्या कडांवरील रंगाचे पापुद्रे सुटूं लागले. हा सारा प्रकार ऐकून आमच्या मातुःश्रींनीं नातवाला एवढेंच विचारलें, "अरे, पितळेला चिंच चालते म्हणून कल्हईच्या पातेल्याला आंतून वाळूनें घासतात का?"

मातुःश्रींना मोटारीची माहिती नाहीं; परंतु ह्या विषयाचें सगळें मर्म त्यांच्या ह्या एका प्रश्नांत आलें आहे. पितळेची घागर म्हणजे उघडा धातु. ती जितकी घासावी तितकी उजळते. मोटारीचें मिश्रधातूचें चाक, ज्याला सर्वत्र अ‍ॅलॉय व्हील म्हणतात, तें उघडें नसतें. त्यावर रंगाची व पारदर्शक लॅकरची कल्हई असते. आपण जी चमक पाहतों ती बहुतेक त्या लेपाची असते. म्हणून चाकाची निगा म्हणजे त्या लेपाची निगा होय.

हीं चाकें बनतात कशाचीं, तेंही थोडक्यांत पाहूं. १९२४ सालीं फ्रान्समधील लिआँ येथील शर्यतींत बुगाटीच्या गाडीनें अ‍ॅल्युमिनियमचीं ओतीव चाकें वापरलीं, तीं पुढें फार प्रसिद्ध झालीं. आज प्रचारांत असलेल्या ओतीव चाकांच्या मिश्रणांत सामान्यतः सुमारें ७ टक्के सिलिकॉन, अर्ध्या टक्क्याहून कमी मॅग्नेशियम व बाकी बहुतेक अ‍ॅल्युमिनियम असतें. अ‍ॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारें एकतृतीयांश. मात्र बळकटीसाठीं चाक जाड ओतावें लागत असल्यामुळें वजनांतील बचत त्या मानानें थोडी असते. घडण सुबक करतां येते व ब्रेकची उष्णता लवकर बाहेर पडते, हे आणखी दोन गुण.

अ‍ॅल्युमिनियमला निसर्गानेंही एक कवच दिलें आहे. हवा लागतांच त्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो व तो आंतील धातूचें रक्षण करितो. परंतु हें कवच आम्ल व अल्क ह्या दोन्ही टोकांस भितें. आंबटपणा मोजण्याच्या पीएच मापावर साधारणतः ४ ते ८.५ ह्या मर्यादेंत तें सुखरूप राहतें. त्याच्या बाहेर विरघळूं लागतें. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत ठेविलेलें अ‍ॅल्युमिनियमचें पातेलें काळें पडतें, हा अनुभव पुष्कळ गृहिणींस असेल. तेव्हां अ‍ॅसिड नको म्हणून कॉस्टिक घेणें म्हणजे आगींतून फुफाट्यांत पडणें होय. जेथें लॅकरला ओरखडा असतो तेथून हीं द्रव्यें आंत शिरतात, आणि मग किडीच्या वाटेसारख्या पांढऱ्या नागमोडी रेषा लेपाखालून पसरूं लागतात. आमच्या चाकांचें नेमकें हेंच झालें. रस्त्याकडेच्या दगडाला घासून त्यांच्या कडा आधींच दुखावल्या होत्या.

आतां तो काळा थर कोणता? पुष्कळांस ती रस्त्यावरची धूळ वाटते. वास्तविक ती बहुतांशीं ब्रेकची भुकटी असते. ब्रेक दाबला कीं ओतीव लोखंडाच्या चकतीवर पॅड घासतात व दोहोंचे सूक्ष्म तप्त कण उडून चाकावर बसतात. थांबण्याचा अधिक भार पुढील ब्रेकांवर येतो, म्हणून पुढचीं चाकें अधिक काळीं होतात. ह्या कणांतील लोखंड ओलाव्यानें गंजून लेपाला चिकटलें कीं त्याचे नारिंगी ठिपके साध्या धुण्यानें निघत नाहींत. ह्यावरून सिद्ध होतें कीं मळ थोडा असतांनाच वरचेवर धुणें हाच उत्तम उपाय. आठवड्यानें अगर पंधरवड्यानें पाणी व सौम्य शांपू मिळाला तर उग्र औषधाची वेळच येत नाहीं. पावसाळ्यांत, आणि कोंकणांतील खाऱ्या वाऱ्यांत राहणारांनीं, ह्याविषयीं अधिक तत्पर असावें.

धुण्याची रीत अशी. गाडी नुकतीच फिरून आली असल्यास चाकें हाताला गार लागेपर्यंत थांबावें; तापलेल्या चाकावर द्रव्य टाकल्यास तें तेथेंच वाळून डाग धरतें. गाडी सांवलींत उभी करावी. अंगाच्या आधीं चाकें धुवावींत, नाहीं तर त्यांचे शिंतोडे धुतलेल्या पत्र्यावर उडतात. चाकांची बादली व फडकीं अगदीं वेगळीं ठेवावींत. तीं पत्र्यावर फिरलीं तर त्यांतील लोखंडाचे कण रंगावर चरे पाडतील. प्रथम भरपूर पाण्यानें सुटी भुकटी वाहूं द्यावी, मग मोटारीसाठीं मिळणारा सौम्य शांपू घेऊन मऊ कुंचल्यानें आरे, त्यांच्या पाठी, नटांच्या खांचा व चाकाची आंतील बाजू हळुवार धुवावी. तारेचा काथ्या व भांडीं घासण्याची भुकटी वर्ज्य समजावी. एक चाक पुरें धुऊन, खळबळून, मगच दुसऱ्यास हात घालावा. शेवटीं मऊ फडक्यानें टिपावें. विहिरीचें अगर बोअरचें जड पाणी तसेंच वाळलें तर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. पाण्याचा जोरदार फवारा वापरणारांनीं तो टायरच्या अगदीं जवळ नेऊं नये, व चाकाच्या आंतून चिकटविलेलीं तोल साधण्याचीं लहान वजनें उडणार नाहींत हेंही पाहावें.

चिकटलेल्या लोखंडासाठीं थायोग्लायकोलेट जातीचें क्षार असलेलें द्रव मिळतें. तें लोखंडाशीं संयोग पावतांच जांभळें होतें, म्हणून मळ कोठें आहे तें डोळ्यांस दिसतें. वास मात्र कुजक्या अंड्यासारखा! तें बाटलीवर सांगितलेला वेळच ठेवावें, वाळूं न देतां धुवावें, आणि तीनचार महिन्यांतून एकदां पुरे.

येथें एक सूचना कळकळीनें करावीशी वाटते. चाकें उजळविण्याच्या कांहीं उग्र द्रव्यांत हायड्रोफ्लोरिक आम्ल अगर बायफ्लोराइडचे क्षार असतात. हें आम्ल त्वचेंतून खोलवर जातें, व कित्येकदां दुखणें कांहीं तासांनीं सुरू होतें, तोंवर अपाय झालेला असतो. अशी बाटली मुलाबाळांच्या घरांत आणूंच नये. साधें द्रव्यही हातमोजे घालूनच वापरावें, मूळ बाटलींतच ठेवावें, सरबताच्या रिकाम्या बाटलींत कधींही ओतूं नये, आणि दोन द्रव्यें एकत्र करूं नयेत. आमच्या पुतण्यानें उघड्या हातांनीं अ‍ॅसिड ओतलें व त्याला कांहीं झालें नाहीं, हें आमचें सुदैव. चाकांचें नुकसान त्यापुढें कांहींच नव्हे.

धुतलेल्या चाकास संरक्षण हवें. कार्नोबा हें ब्राझीलमधील एका ताडजातीच्या झाडाच्या पानांचें मेण. तें पत्र्यावर छान शोभतें, परंतु सुमारें ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळतें, म्हणून ब्रेकजवळच्या तापलेल्या चाकावर फार दिवस टिकत नाहीं. त्यापेक्षां चाकांसाठीं बनविलेलें कृत्रिम सीलंट अधिक टिकतें. सिलिकायुक्त सिरॅमिक लेप त्याहूनही अधिक, पण तो महाग असून पूर्ण स्वच्छ व कोरड्या चाकावरच बसतो. कोणताही लेप धुण्याचे श्रम वांचवीत नाहीं. फक्त मळ घट्ट धरूं देत नाहीं. दगडाचा ओरखडा मात्र दिसतांच दुरुस्त करावा. ज्या चाकांचा दर्शनी भाग यंत्रानें कातून चकाकविलेला असतो तीं पुनः कातून नवीं करतां येतात. पण प्रत्येक वेळीं थोडा धातु जातो, म्हणून तें फार वेळां करतां येत नाहीं.

ह्या सगळ्या खटाटोपाचा खरा लाभ चमकेपेक्षां निराळाच आहे. जो मनुष्य हातानें चाक धुतो त्याला खड्ड्यांत आपटून वांकलेली कड, आऱ्याजवळची केसासारखी भेग, टायरला आलेला फुगवटा हीं वेळेवर दिसतात. एकाच चाकांतील हवा वारंवार उतरत असेल व टायरला पंक्चर नसेल, तर टायर बसतो तेथील कड गंजली असण्याचा संभव असतो. भेग दिसल्यास ती बुजवीत न बसतां चाक बदलावें. त्यावर सारें कुटुंब प्रवास करितें. धुण्यानंतर ब्रेक ओले असतात, म्हणून प्रथम गाडी सावकाश नेऊन दोनचार वेळां ब्रेक हळूच दाबून पाहावा.

असो. आमचीं दोन चाकें जुना लेप काढून नव्यानें रंगवून घ्यावीं लागलीं. गेल्या दसऱ्याला पुतण्या बादली व कुंचला घेऊन सकाळीं सकाळींच अंगणांत उतरला. चाकें धुतां धुतां त्यानें पुढच्या डाव्या टायरच्या बाजूचा सुपारीएवढा फुगवटा आम्हांस दाखविला. त्या आठवड्यांत आम्ही सर्व कुलदैवताला जाणार होतों. टायर बदलून आणल्यावर मातुःश्रींनीं चाकाला हळदकुंकू लाविलें आणि नातवाला म्हणाल्या, "आतां खरी पूजा झाली हो!"