ठाण्याच्या पायरीवर (भाग 6) : गुन्हा दाखल होईपर्यंतचे तास

बदलापूर प्रकरणात आरोपीला अटक 17 ऑगस्ट 2024 रोजी झाली आणि शहर रस्त्यावर उतरले 20 ऑगस्टला. या दोन्हींच्या आधी, 16 ऑगस्टला, बदलापूर पूर्व पोलीस ठाण्यात फिर्याद घेऊन आलेल्या पालकांचे सुमारे बारा तास गेले. शाळेच्या स्वच्छतागृहात बालवाडीतल्या दोन मुलींवर अत्याचार झाला होता आणि संशयित शाळेतलाच सफाई कामगार होता. पुढे जे जे घडले, त्याची मुळे त्या बारा तासांत आहेत. म्हणून हा संपूर्ण भाग त्या तासांसाठी दिला आहे.

लहान गावात असे तास कसे जातात, हे पायरीवर बसलेल्यांना पाठ असते. साहेब बंदोबस्ताला गेलेले असतात. महिला अधिकारी दुसऱ्या ठाण्यातून यायच्या असतात. आधी डॉक्टरांचा दाखला आणा, असे सांगितले जाते. कुणीतरी ओळखीचा माणूस येऊन बाजूला घेतो आणि मुलीच्या पुढच्या आयुष्याची काळजी दाखवत ‘मिटवून टाका’ म्हणतो. यातले एकही कारण कायद्याला मान्य नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात 12 नोव्हेंबर 2013 रोजी निःसंदिग्धपणे सांगितले. त्याच वर्षी, दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, भारतीय दंड संहितेत 166 अ हे कलम आले. बलात्कारासारख्या गुन्ह्याची खबर नोंदवून न घेणाऱ्या सरकारी नोकराला किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे सक्तमजुरी, अशी त्यात तरतूद होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 199 मध्ये आहे. बदलापूरच्या घटनेच्या वेळी नवे कायदे लागू होऊन दीड महिना झाला होता.

मुलांच्या बाबतीत, लैंगिक अत्याचारांपासून त्यांना संरक्षण देणारा पोक्सो कायदा आणखी पुढे जातो. मुलाला जिथे मोकळे वाटेल तिथे, शक्यतो त्याच्या घरी, जबाब घ्यायचा असतो. जबाब शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यावा आणि त्या वेळी अंगावर गणवेश नसावा. कोणत्याही कारणाने मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. गुन्ह्याची माहिती असूनही न कळवणारा स्वतःच शिक्षेला पात्र ठरतो. संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवत असेल, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. याच आरोपाखाली पुढे बदलापूरच्या शाळेच्या विश्वस्तांवरही गुन्हा नोंदवला गेला.

इतके सगळे कागदावर असताना बदलापुरात फोनवरून बंदची हाक देण्याची गरज का पडली? कारण ठाण्याच्या वर जाण्याच्या ज्या पायऱ्या कायद्याने दिल्या आहेत, त्या पालकांना कुणी सांगत नाही. समाजमाध्यमांवर आणि व्हॉट्सॲपवर मात्र दिरंगाईची बातमी आणि बंदची हाक घरोघर पोचते. 20 ऑगस्टच्या सकाळी हजारो लोक बदलापूर स्थानकाच्या रुळांवर उतरले. लोकलची वाहतूक जवळपास दहा तास खोळंबली, शाळेची तोडफोड झाली, संध्याकाळी लाठीमार झाला. दुसऱ्या दिवशी शहरातले इंटरनेट बंद ठेवण्यात आले. परिणाम लगेच दिसला. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यासह तीन पोलीस निलंबित झाले आणि आरती सिंह यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले गेले. 22 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने पोलिसांच्या आणि शाळेच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले. चार दिवस जे हलत नव्हते ते दोन दिवसांत हलले, आणि लोकांनी आवाज उठवला नसता तर ते इतक्या लवकर हलले नसते.

पण त्याच फोनवर दुसरी एक मागणीही फिरत होती. खटला नको, आजच फाशी द्या. 23 सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्या गोळीने मेला. अनेकांनी पेढे वाटावेत तशी ती बातमी एकमेकांना पाठवली. न्यायदंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयापुढे आला, त्यात या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार धरले होते. आरोपीच्या मृत्यूबरोबर त्याच्यावरचा खटलाही संपला. त्याने काय केले हे भर न्यायालयात सिद्ध होण्याचा त्या मुलींचा हक्क तिथेच बुडाला. ज्या यंत्रणेवर बारा तास वाया घालवल्याचा आरोप होता, तिलाच न्यायाधीश व्हायला सांगणारा दबाव मुलींच्या बाजूचा म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात लोकांच्या दबावाची एक मोठी कहाणी इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. 26 मार्च 1972 च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात, जबाब द्यायला आणलेल्या एका आदिवासी मुलीवर तिथल्याच पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने 1974 मध्ये दोघा पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये दोषी ठरवले. सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचा पुरावा नाही, म्हणजे संमती होती, असा त्या निकालाचा रोख होता. रात्रीच्या ठाण्यात खाकीपुढे उभी राहिलेली गरीब मुलगी ओरडेल तरी कुणाला ऐकू जावे म्हणून, हा प्रश्न त्या निकालाला पडला नाही.

तो प्रश्न उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सप्टेंबर 1979 मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात विचारला. पत्र वर्तमानपत्रांत आले, हातोहात फिरले. 8 मार्च 1980 ला अनेक शहरांत स्त्रियांचे मोर्चे निघाले. मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. निकाल बदलला नाही, पण 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा झाला. तिथे शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर ती नव्हती असे न्यायालयाने धरून चालावे, असे ठरले. या पत्राचे बळ रागाइतकेच तपशिलात होते. तारीख, वेळ, निकालातले नेमके वाक्य, आणि ते का चूक, हे सारे त्यात होते.

1983 च्याच दुरुस्तीने पीडितेची ओळख उघड करण्यावरही बंदी आणली. आज ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 मध्ये आहे, आणि मुलांसाठी पोक्सोच्या कलम 23 मध्ये. देसाईगंजचा खटला मात्र अजूनही सर्वत्र त्या मुलीच्या नावानेच ओळखला जातो. या लेखमालेत त्याचा उल्लेख गावाच्या नावानेच होईल. शाळेचा गणवेश, घराचा फोटो, आजोबांचे नाव, यांतले काहीही पुढे ढकलले तरी लहान गावात मुलगी ओळखू येते. तिला न्याय मिळावा म्हणून तळमळणारा माणूसही असे केल्यास गुन्हेगार ठरतो.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या स्टुबेनव्हिल या छोट्या गावात 2012 मध्ये फोनवरून उठणाऱ्या आवाजाच्या दोन्ही बाजू ठळक दिसल्या. फुटबॉलपटू मुलांनी एका मुलीवर केलेला अत्याचार स्वतःच फोनवर मिरवला. एका ब्लॉगलेखिकेने ते संदेश पुसले जाण्याआधी जपून ठेवले. निनावी हॅकरांनी चित्रफीत जगापुढे आणली. मार्च 2013 मध्ये दोन मुले दोषी ठरली, पुढे शाळेच्या अधिकाऱ्यांवरही आरोप ठेवले गेले. ब्लॉगलेखिकेने केले ते पुरावा जपणे होते. त्या प्रकरणात एक संकेतस्थळ फोडण्यात सामील असलेल्या हॅकरला मात्र 2017 मध्ये दोन वर्षांची कैद झाली.

आता हेच देवणीच्या ठाण्याच्या पायरीवर पाहू. लातूर जिल्ह्याच्या या टोकाला कर्नाटकाची सीमा लागून आहे. सोयरीक, बाजार, कॉलेज सारे सीमेच्या दोन्ही बाजूंना. त्यामुळे पायरीवर आणखी एक वाक्य ऐकू येऊ शकते : ‘हद्द आमची नाही.’ हे वाक्यही कायद्यात बसत नाही. घटना भालकीकडे घडलेली असो की उदगीरला, देवणीच्या ठाण्याने खबर लिहून घ्यायची, झिरो नंबरने गुन्हा दाखल करायचा आणि मग ज्यांची हद्द आहे त्यांच्याकडे वर्ग करायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 ने ही पद्धत आता थेट कायद्यात आणली आहे. स्वयंघोषित धर्मगुरू आसारामच्या बलात्कार प्रकरणात घटना जोधपूरजवळची होती आणि गुन्हा ऑगस्ट 2013 मध्ये दिल्लीत नोंदला गेला. 2018 मध्ये जन्मठेप झाली ती त्या कागदापासून सुरू झालेल्या खटल्यात.

ठाण्याने खबर घेतलीच नाही, तर कलम 173 च्याच चौथ्या पोटकलमानुसार ती लेखी स्वरूपात टपालाने लातूरला पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. तिथेही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. खबर मोबाइलवरून किंवा संगणकावरून दिली तरी चालते, मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. गुन्हा नोंदला की त्याची प्रत फिर्यादीला किंवा पीडितेला मोफत मिळते. ठाण्यात किती वाजता गेलो, कोणत्या अंमलदाराशी बोललो, त्याने काय सांगितले, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले आणि अर्जाची पोच घेतली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 199 ची तक्रार उभी राहू शकते. गावातल्या ज्यांच्या हातात स्मार्टफोन आणि मनात कळकळ आहे, त्यांनी पालकांना आधी हा अर्ज लिहून द्यावा आणि अधीक्षक कार्यालयाला पाठवलेल्या ईमेलची नोंद ठेवावी. जाहीर संदेशात अर्जाची तारीख आणि ठाण्याचे नाव पुरेसे असते.