जपानी तांतोची घडण आणि निगा

जपानी भाषेतील ‘तांतो’ ही संज्ञा चिनी मूळच्या दोन घटकांची बनली आहे : ‘तान्’ म्हणजे आखूड आणि ‘तो’ म्हणजे तलवार. ज्याचे पाते एक ‘शाकु’हून, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटरहून, आखूड असते अशा शस्त्रास ती लावली जाते. मराठीत त्याला कट्यार म्हणण्याचा मोह होतो. परंतु कट्यारीची आडवी मूठ तांतोला नसते, आणि खंजीर म्हटले की वाकडे, बहुधा दुधारी पाते डोळ्यांपुढे उभे राहते. तांतो प्रायः एकधारी असतो. संस्कृत ‘क्षुर’ शब्दापासून आलेला ‘सुरा’ हा त्यातल्या त्यात जवळचा पर्याय होय. मात्र या शब्दाला खाटिकखान्याचा जो वास चिकटला आहे, तो पाहता मूळ संज्ञाच ठेवणे इष्ट ठरते.

तांतोचे पोलाद ‘तातारा’ नामक मातीच्या भट्टीत तयार होते. लोहयुक्त वाळू आणि लोणारी कोळसा यांचे थर आळीपाळीने देत ही भट्टी तीन दिवस व तीन रात्री अखंड पेटती ठेवतात. दुसऱ्या महायुद्धानंतर बंद पडलेली ही प्रक्रिया शिमाने प्रांतातील ओकुइझुमो येथे १९७७ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आली. भट्टीतून निघालेले पोलाद एकजिनसी नसते. म्हणून लोहार ते तापवून ठोकतो, त्याची घडी घालतो आणि पुन्हा ठोकतो. पंधरा घड्या घातल्या तर थरांची संख्या गणिताने बत्तीस हजारांवर जाते. तथापि घड्या जितक्या अधिक तितके पाते श्रेष्ठ, ही समजूत भ्रामक आहे. घड्यांचा हेतू मळी काढणे आणि कर्बाचे प्रमाण सर्वत्र सारखे करणे एवढाच असतो. गुरूने लहान हातोडीने इशारा द्यावा आणि साहाय्यकाने त्या तालावर घण घालावा, अशी या कामाची रीत आहे. साहाय्यकाच्या या जोडघणाला ‘आइझुचि’ म्हणतात. बोलणाऱ्याला समोरचा जो हुंकार देतो, त्यालाही जपानी भाषेत हाच शब्द रूढ झाला आहे, हे भाषाभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

घडणीतील निर्णायक क्षण पाणी देण्याचा. पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप आणि धारेवर पातळ लेप देऊन ते तापवतात व एकदम पाण्यात बुडवतात. धार झपाट्याने थंड होऊन अत्यंत कठीण बनते. पाठ सावकाश निवून चिवट राहते. या दोहोंच्या सीमेवर जी धूसर रेषा उमटते ती ‘हामोन्’. ती वरून काढलेली नक्षी नव्हे. पोलादाच्या अंतर्रचनेतील भेदच तेथे दृश्य झालेला असतो. दिवसांचे श्रम या एका बुडीत तडकून वाया जाऊ शकतात.

निगेचे नियम पाहिले तर त्यांतील बहुतेक निषेधरूप आहेत. उघड्या पात्याला बोट लावू नये. त्यासमोर बोलू नये, कारण थुंकीचा सूक्ष्म तुषारही गंज धरण्यास पुरेसा होतो. मुठीतील बांबूची खुंटी काढून पाते मोकळे करावे, जुने तेल मऊ कागदाने पुसावे, आणि लवंगेचा अंश असलेले तेल अगदी पातळ लावावे. रेशमी गोळीत बांधलेली दगडाची भुकटी पात्यावर हलकेच आपटून ते पुसण्याचाही प्रघात आहे. परंतु ही भुकटी पोलाद घासतेच, म्हणून तिचा वापर जितका कमी तितका बरा. नवी झिलई हे तर तज्ज्ञाचेच काम. प्रत्येक झिलईत थोडे पोलाद कायमचे जाते. नित्य ठेवण्यासाठी मॅग्नोलियाच्या लाकडाचे साधे म्यान वापरतात. त्याचे दोन भाग भाताच्या खळीने जोडलेले असतात. वेळ पडल्यास ते उकलून आतून स्वच्छ करता यावेत हा त्यातील विचार.

पात्यावर गंजाचा ठिपका दिसला तर तो संकट समजावा. याच पात्याचा मुठीत दडणारा भाग, ‘नाकागो’, याच्यावरचा गंज मात्र कदापि काढावयाचा नसतो. कारागिराचे नाव येथेच कोरलेले असते. कानशीच्या रेघांची दिशा येथेच दिसते. आणि गंजाचा काळसर तपकिरी रंग व त्याची खोली यांवरून जाणकार काळाचा अंदाज बांधतात. तेराव्या शतकातील क्योतोचा योशिमित्सु याची कीर्ती मुख्यतः तांतोवर उभी आहे. अशा नामवंतांची नावे सामान्य पात्यांवर कोरण्याचा उद्योग जुनाच. त्यामुळे नाव खरे की खोटे हे ठरविताना अक्षरांच्या खाचांत मुरलेला गंज मोठा साक्षीदार ठरतो. बनावट गंज चढविणारेही झाले, यातच त्याचे मोल दिसून येते.

१९४५ नंतर असंख्य जपानी शस्त्रे परदेशी सैनिकांच्या सामानातून देशाबाहेर गेली. त्यांपैकी काहींचे नाकागो नव्या मालकांनी पॉलिश-कागदाने घासून लखलखीत केले. हेतू चांगलाच होता. पण जुन्या पोथीतील ‘अशुद्धे’ सुधारून नक्कल करणारा लेखनिक भाषेच्या इतिहासाचा पुरावा जसा नकळत पुसून टाकतो, तसेच येथे घडले. नाव कधीकधी वाचता येते. ते केव्हा कोरले गेले असावे हे सांगणारा थर मात्र निघून गेलेला असतो, आणि कोणत्याही झिलईवाल्याला तो परत आणता येत नाही.