मूल कुपोषणाने नाही, निमोनियाने गेलं?

मनोरहून पूर्वेला विक्रमगड ओलांडलं की जव्हार. तिथल्या वावर-वांगणीतले बालमृत्यू 1992-93 मध्ये राज्यभर गाजले. तेव्हापासून एक युक्तिवाद ठरलेला: मूल निमोनियाने गेलं, कुपोषणाने नाही. दाखल्यावरचा निमोनिया खोटा नसतो. पण धडधाकट मूल ज्या जुलाबातून चार दिवसांत उठतं, त्यातच हडकलेलं मूल दगावतं. प्रथिनं, जस्त, अ जीवनसत्त्व कमी पडलं की आतड्याचं अस्तर झिजतं, प्रतिकारशक्ती ढासळते. जुलाबात खाल्लेलं अंगी लागत नाही आणि पुढचा आजार आणखी लवकर गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाच वर्षांखालच्या मुलांच्या जवळपास निम्म्या मृत्यूंमागे अपुरं पोषण असतं. 'हे की ते' हा वाद मला तरी फायलींच्या सोयीचा वाटतो.

'बाळ तर गुटगुटीत आहे!' कधीकधी ती सूज असते. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरायचा. उचलल्यावर दोन्हीकडे खळगा राहिला, तर वजन काहीही भरो, ते तीव्र कुपोषण समजून मुलाला लगेच दवाखान्यात न्यायचं. दंडाचा घेर मोजायची पट्टी 11.5 सेंटिमीटरखाली लाल दाखवते; सुजलेलं मूल तिच्यातूनही निसटू शकतं.

नुसत्या भाताने पोट भरतं, पोषण होत नाही. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना 2015 मध्ये आली ती म्हणूनच. पण दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेलं की गावची अंगणवाडी मागेच राहते.

'रक्त कमी, म्हणजे लोहाच्या गोळ्या.' बहुतेकदा बरोबर. फक्त त्या चहासोबत नकोत. मात्र आदिवासी भागात सिकलसेलही आढळतो. त्यात तांबड्या पेशीच लवकर फुटतात, लोह कमी असेलच असं नाही. म्हणून आधी तपासणी.

क्षय म्हणजे निव्वळ जंतूंचा खेळ, हाही गैरसमज. झारखंडात क्षयरुग्णांच्या घरांचे दोन गट करून झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. रुग्णांना शिधा दोन्ही गटांत होता. एका गटात घरच्यांनाही माणशी महिना 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नवे क्षयरुग्ण 39 टक्क्यांनी कमी निघाले. आपल्याकडे निक्षय पोषण योजनेचे महिना 1000 रुपये मिळतात ते रुग्णाच्या खात्यात.