वेणातटीचा हिरा आणि नाल्यातली गार

वैरागडचा विषय निघाला की आमच्या चांद्याकडची मंडळी थेट हिऱ्याच्या खाणीवर येतात आणि खाणीवरून शुक्राच्या महादशेवर. मधला दगड कोणी हातात घेत नाही. हिरा आणि त्याचं उपरत्न मानला गेलेला स्फटिक शेजारी ठेवून बघा, हा माझा जुनाच हट्ट.

इतिहास लवकर आटपतो. आरमोरी तालुक्यातल्या या गावाच्या हिऱ्यांची नोंद ‘आईन-ए-अकबरी’त आहे. खाण तेव्हा चांद्याच्या गोंड राजाकडे होती. पुढे खाण बंद पडली, जांभ्या मुरमातले खड्डे बुजले, गॅझेटियरात चार ओळी उरल्या.

पण वराहमिहिराला सोडून पुढे जाणं मला जमत नाही. सहाव्या शतकातल्या ‘बृहत्संहिते’त हिऱ्यांचे प्रदेश मोजताना तो वेणेकाठचा हिरा विशुद्ध म्हणतो. ही वेणा म्हणजे कृष्णाच, असं काही विद्वान ठासून सांगतात. कृष्णेकाठी कोल्लूरची हिऱ्याची खाण होती, हे मलाही ठाऊक आहे. पण त्याच यादीत कोसल आणि कलिंग आहेत, आणि वैनगंगा त्यांच्या शेजारची. वैरागडच्या खोब्रागडी आणि सतनालाचं पाणी तिलाच मिळतं. माझं मत वैनगंगेच्या बाजूने आहे आणि ते बदलण्याजोगं काही अजून कोणी समोर ठेवलेलं नाही.

हाच वराहमिहिर म्हणतो की चांगला हिरा पाण्यावर तरतो. यावर हसणारे बरेच. हिऱ्याची घनता ३.५२, स्फटिकाची २.६५, पाण्यात दोघेही बुडायला हवेत. पण हिऱ्याचा पृष्ठभाग पाणी धरत नाही, तेलकटपणा मात्र पटकन धरतो. बारीक कोरडी कणी अलगद सोडली तर ती पाण्याच्या पृष्ठताणावर खरोखर टिकते. खाणीत वंगण लावलेल्या फळ्यांवरून खडी वाहवून हिरे वेगळे काढतात, तेही याच गुणावर. हसण्याआधी कोणी वाटीभर पाणी घेऊन पाहिलं होतं का?

काठिण्याची कोष्टकं शाळेच्या पुस्तकात आहेत. हिरा १०, स्फटिक ७, संपलं. ऐरणीवर घाव घालून हिरा पारखण्याची रीत मात्र निव्वळ नासाडीची. हिऱ्याला चार दिशांनी पाटन आहे. नेमका घाव बसला की तो स्वच्छ चिरतो. स्फटिक तसा सपाट फुटत नाही, त्याची फूट शिंपल्यासारखी वळणदार असते.

खरी गंमत उजेडात आहे. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२. आत शिरलेला किरण साडेचोवीस अंशांच्या पलीकडे तिरपा पडला की बाहेर न निसटता आतच परततो. म्हणून नीट पैलू पाडलेला हिरा वरून झगमगतो. रंग फोडण्याची शक्ती ०.०४४, स्फटिकाची जेमतेम ०.०१३. स्फटिकात ती आग नाही. पण तो किरणाचे दोन करतो, जे हिऱ्याला जमत नाही. स्फटिकाचा चांगला गोळा केसावर ठेवून फिरवा. एका बाजूने एकच केस दिसतो, इतर बाजूंनी दोन. नाल्यातली पारदर्शक गार घासून घेतली तरी हा गुण तिच्यात असतोच. गरिबाचा हिरा म्हणून तिला हिणवणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही.

आता ज्योतिष. शुक्राला हिरा, ऐपत नसेल तर स्फटिक, चांदीत, शुक्रवारी: एवढं आज कुणीही सांगतो. मी पत्रिका बघतो, त्यामुळे मला नास्तिक म्हणून झटकता येणार नाही. पण वराहमिहिराचं रत्नप्रकरण बारा घरांची विचारपूस करत नाही. तो आकार, दोष, वजन आणि तांदळाच्या मापाने किंमत सांगतो. पुत्रेच्छू स्त्रियांनी हिरा घालू नये, असं काही जाणकारांचं मत त्याने नोंदवलं आहे. आज नेमकं उलट, संततीसाठी हिरा घ्या म्हणून सल्ला मिळतो, तोही जुन्या ऋषींच्या नावावर.

आणि दगड तरी खरा असतो का? मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत स्फटिकाच्या माळांचे ढीग लागतात. बहुतेक काच. मणी गालाला लावला तर खरा स्फटिक गारच लागतो, काच लवकर कोमट होते. आत गोल बुडबुडा दिसला तर बोलायलाच नको. हे आजच्या सल्लागारांना ठाऊक नसतं. ते मोबाईलवर कुंडली काढतात, वजन रत्तीत सांगतात आणि दुकानाचा पत्ता देतात. सराफाकडे ‘अमेरिकन डायमंड’चा लखलखाट, तो हिऱ्याहून जास्त रंग उधळतो, आणि तेवढ्यानेच त्याचं बिंग फुटतं.