शरीराचा पहारा आणि लपून बसणारा विषाणू

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या शरीरात रोज कितीतरी जंतू शिरतात आणि त्यांतले बहुतेक आपल्याला कळण्याआधीच मारले जातात. सर्दी चार-आठ दिवसांत जाते, बोटाला झालेली जखम भरून येते. हे काम प्रतिकारशक्तीचे. पण एखादा जंतू असा असतो, की तो पहारेकऱ्याच्या नजरेलाच पडत नाही. गर्भाशयमुखाचा, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर अशाच एका विषाणूमुळे होतो. या विषाणूला वेळीच कसे पकडावे, याचा एक मोठा धडा आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या बायकांनी जगाला दिला आहे.

आधी पहारा कसा चालतो ते पाहू. पहिली तटबंदी म्हणजे कातडी आणि आतली ओलसर अस्तरे. ती ओलांडून जंतू आत आला, की काही पांढऱ्या पेशी त्याला गिळायला धावतात. तिथे सूज येते, आग होते, कधी ताप चढतो. हीच धोक्याची घंटा. ती ऐकून दुसरी फळी तयार होते. तिच्यातल्या काही पेशी प्रतिपिंडे बनवतात. ही प्रतिपिंडे जंतूला चिकटून त्याला निकामी करतात. काही पेशी विषाणू शिरलेल्या आपल्याच पेशींना शोधून मारतात. लढाई संपल्यावर थोड्या पेशी त्या शत्रूची ओळख लक्षात ठेवून मागे राहतात.

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही, ही घंटाच वाजू देत नाही. तो रक्तात जात नाही, पेशी फोडत नाही, सूज आणत नाही. अस्तराच्या तळच्या पेशींत गुपचूप राहतो. शरीरसंबंधातून पसरणारा हा विषाणू इतका सर्रास आढळतो, की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याची लागण होतेच. म्हणून तो सापडला तर कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याचे कारण नाही. उशिरा का होईना, शरीर त्याला ओळखते आणि बहुतेक जणींच्या अंगातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो.

प्रश्न उरतो तो थोड्या जणींचा. त्यांच्यात विषाणूचे काही धोकादायक प्रकार ठाण मांडून बसतात. पेशीच्या वाढीला लगाम घालणारी प्रथिने ते निकामी करतात. मग पेशी बिघडत जातात आणि साधारण १५ ते २० वर्षांनी कॅन्सर होतो. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावली असेल तर हा काळ बराच कमी होतो आणि धोका सुमारे सहापट वाढतो. एवढ्या वर्षांत दुखत नाही, खुपत नाही. अंगावरून पांढरे जाणे, पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त दिसणे, अशी लक्षणे येईपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो.

या १५-२० वर्षांच्या सवडीचा उपयोग करता येईल का, हे तपासण्याचे काम १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुरू झाले. मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधील ल्याँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ते केले. गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रियांना त्यात घेतले. काही समूहांत विषाणूची तपासणी झाली, काहींत पॅप चाचणी, काहींत सौम्य ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला फक्त नेहमीची आरोग्यसेवा मिळाली.

निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूची तपासणी झालेल्या ३४ हजार १२६ जणींच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या ३१ हजार ४८८ जणींच्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. इतर दोन पद्धतींनी मृत्यूंत एवढी ठळक घट दिसली नाही. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे टीकाही झाली, आणि ते ६४ मृत्यू पाहता ती हलकी मानता येणार नाही.

तिशीनंतरच तपासणी का? कारण विशीत सापडलेला विषाणू बहुधा शरीर स्वतःच घालवते. तिशीनंतर सापडलेला मात्र ठाण मांडलेला असण्याची शक्यता जास्त. या अभ्यासात १०० पैकी साधारण १० जणींत विषाणू आढळला. विषाणू आढळला म्हणजे कॅन्सर झाला असे नव्हे. पुढची पाहणी करायची आणि बिघडलेला भाग दिसला तर तो गोठवून किंवा काढून टाकायचा, एवढाच त्याचा अर्थ.

पहाऱ्याला आधीच सावध करण्याचा उपाय म्हणजे लस. तिच्यात विषाणू नसतो, त्याच्या कवचासारखी पोकळ प्रथिने असतात. ती दंडात टोचली, की शरीर भरपूर प्रतिपिंडे तयार करते आणि विषाणू पेशीत शिरण्याआधीच अडवला जातो. आत बसलेल्या विषाणूला मात्र लस हुसकावू शकत नाही. म्हणून ती लहान वयात, ९ ते १४ वर्षांच्या मुलींना देणे उत्तम.

याही बाबतीत बार्शी हे एका देशव्यापी अभ्यासाचे केंद्र होते. २००९ मध्ये १० ते १८ वयाच्या अविवाहित मुलींना लस देणे सुरू झाले. २०१० मध्ये सरकारने, या अभ्यासाशी संबंध नसलेल्या कारणाने, लसीकरण थांबवले आणि अनेक मुलींना एकच डोस मिळाला. पुढे दहा वर्षे लक्ष ठेवल्यावर दिसले, की विषाणूच्या दोन मुख्य प्रकारांना ठाण मांडू न देण्यात एक डोसही जवळजवळ तीन डोसांइतकाच उपयोगी ठरला.

लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी टाळू नये, कारण लस विषाणूच्या सर्वच धोकादायक प्रकारांना अडवत नाही. घरातली कामे, शेतातली खुरपणी यांतून बाईला स्वतःकडे पाहायला सवड होत नाही. काही दुखत नाही म्हणून ती दवाखान्यात जात नाही. या आजारात न दुखणे हीच फसवणूक आहे. तेव्हा घरातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीची तपासणी झाली आहे का, एवढे घरातल्या पुरुषांनीही विचारावे आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात तिच्याबरोबर जावे.