आमचे पाणी, शहराचे सांडपाणी : हिशेब कोण तपासणार?

मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथील मध्य वैतरणा धरणातून मुंबईला रोज 45 कोटी 50 लाख लिटर पाणी मिळते. त्याच तालुक्यातील पाड्यांत उन्हाळ्यात आयाबाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. मुंबईत गेलेले हे पाणी वापरून झाल्यावर जाते कुठे? गटारात, नाल्यात आणि शेवटी समुद्रात.

मधे सांडपाणी प्रक्रिया केंद्र असते. पण केंद्र बांधले म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे नव्हे. मी पेशाने कारकून; जमेची बाजू आधी तपासतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार महाराष्ट्राच्या शहरांत रोज सुमारे 911 कोटी लिटर सांडपाणी तयार होत होते. केंद्रांची क्षमता होती 689 कोटी लिटरची. प्रत्यक्ष प्रक्रिया झाली फक्त 424 कोटी लिटरवर. म्हणजे रुपयातले 47 पैशांचेच काम! कुठे नळ्या केंद्रापर्यंत पोचत नाहीत, कुठे यंत्रे बंद पडतात, कुठे वीजबिल परवडत नाही.

मग केंद्राची परीक्षा कशी घ्यावी? पहिले, क्षमतेच्या मानाने रोज किती पाणी आत येते? दुसरे, बाहेर पडणाऱ्या पाण्यात सेंद्रिय घाण किती उरते? ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 साली या मागणीची, म्हणजे बीओडीची, मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम सांगितली. तिसरे, विष्ठेतले जंतू किती? पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसले तरी हे जंतू दिसत नाहीत. चौथे, उरलेल्या गाळाचे काय होते?

पाचवा प्रश्न आपल्या घरातला आहे. गटारात उतरतो कोण? 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास बंदी आहे. असा मृत्यू झाल्यास वारसांना 30 लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली सांगितले. पण गेलेला बाप रुपयांनी परत येत नाही.

मुंबईत वरळी, धारावी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर या सात नव्या केंद्रांची पायाभरणी जानेवारी 2023 मध्ये झाली. एकूण क्षमता रोज सुमारे 246 कोटी लिटर. चांगली गोष्ट आहे. शुद्ध केलेले पाणी बागा, बांधकामे, कारखाने यांना दिले, तर धरणाचे तेवढे पाणी वाचेल आणि पाड्यांना हक्काने मागता येईल.

तरुणांनो, माहितीचा अधिकार 2005 पासून आपल्या हातात आहे. आपल्या शहरातील केंद्राचे तपासणी अहवाल मागवा आणि हे पाच प्रश्न विचारा. हिशेब मागितल्याशिवाय कोणी देत नाही.