विश्लेषण : टेस्टोस्टेरॉनच्या उपचारांनी पितृत्व धोक्यात येते? नवे पर्याय कोणते?

सतत थकवा, घटलेली कामेच्छा, स्नायूंची ताकद कमी होणे अशा तक्रारींनंतर रक्ततपासणीत टेस्टोस्टेरॉन कमी आढळले, की इंजेक्शन किंवा जेलचा पर्याय समोर येतो. मात्र बाहेरून दिलेले हे संप्रेरक शरीरातील शुक्राणूनिर्मिती थांबवू शकते. मूल हवे असलेल्या तरुणांना हे अनेकदा उपचार सुरू झाल्यावर कळते. हा पेच सोडवण्यासाठी काही नवे उपचार पुढे येत आहेत.

प्रमाण ‘कमी’ कधी समजतात?

अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या निकषानुसार एका डेसिलिटर रक्तात ३०० नॅनोग्रॅमपेक्षा कमी टेस्टोस्टेरॉन असल्यास ते कमी मानले जाते. हे संप्रेरक सकाळी सर्वाधिक असते. त्यामुळे दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी तपासणी करावी लागते आणि सोबत लक्षणेही असावी लागतात. आजारपण, अपुरी झोप यामुळेही आकडा तात्पुरता खाली येतो.

इंजेक्शनमुळे शुक्राणू का घटतात?

इमारतीची टाकी भरली की मोटर आपोआप बंद होते, तसेच हे आहे. मेंदूतील पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके पाठवून वृषणांना कामाला लावते. रक्तात बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले, की मेंदूला टाकी भरल्याचे वाटते आणि हे संदेश थांबतात. मग वृषणांतील टेस्टोस्टेरॉन घटते आणि शुक्राणूनिर्मिती मंदावते. हा परिणाम इतका ठळक आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याची चाचणी घेतली होती. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन घेणाऱ्या निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू उरले नाहीत. औषध थांबवल्यावर बहुतेकांची शुक्राणूसंख्या पूर्ववत होते, पण त्याला अनेक महिने लागू शकतात.

नाकातील जेल, कॅप्सूल यांनी काय साधते?

नाकात लावायच्या जेलला अमेरिकेत २०१४ मध्ये मंजुरी मिळाली. त्याचा परिणाम काही तासच टिकत असल्याने ते दिवसातून तीनदा लावावे लागते. मात्र त्यामुळेच मेंदूचे संदेश पूर्ण बंद होत नाहीत. लहान अभ्यासांत बहुतेक पुरुषांची शुक्राणूसंख्या सहा महिन्यांनंतरही टिकून राहिली. तेथे २०१९ पासून मंजूर झालेल्या नव्या कॅप्सूल जेवणासोबत घेतात. त्यातील औषध लसिकावाहिन्यांतून शोषले जात असल्याने जुन्या गोळ्यांप्रमाणे यकृतावर ताण येत नाही. अर्थात सुईचा त्रास वाचला तरी शुक्राणूंचा प्रश्न कॅप्सूलनेही सुटत नाही.

एन्क्लोमिफीनची चर्चा का?

हे औषध बाहेरून टेस्टोस्टेरॉन देत नाही. ते मेंदूतील इस्ट्रोजेनचे ग्राही अडवते. त्यामुळे मेंदूला टाकी रिकामी वाटते, एलएच व एफएसएच वाढतात आणि वृषणे स्वतःच टेस्टोस्टेरॉन तयार करतात. शुक्राणूनिर्मितीही सुरू राहते. स्त्रियांच्या वंध्यत्वावर दिल्या जाणाऱ्या क्लोमिफीनचाच हा एक घटक. मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाची (एफडीए) मंजुरी त्याला मिळालेली नाही. वृषणेच निकामी झाली असतील तर या औषधाचा उपयोग होत नाही. अशा रुग्णांसाठी मूलपेशींपासून टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशी तयार करण्याचे संशोधन सुरू आहे, पण ते अद्याप प्रयोगशाळेत आणि प्राण्यांपुरतेच आहे.

हृदयविकाराची भीती खरी आहे का?

‘ट्रॅव्हर्स’ या ५,२०० हून अधिक पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. टेस्टोस्टेरॉन जेल घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांचे प्रमाण औषधाविना जेल घेणाऱ्यांपेक्षा वाढलेले दिसले नाही. मात्र हृदयाची अनियमित धडधड आणि फुप्फुसांत रक्ताची गुठळी होण्याच्या घटना अधिक आढळल्या. या निष्कर्षांनंतर २०२५ मध्ये एफडीएने हृदयविकाराचा ठळक इशारा काढण्यास आणि रक्तदाबवाढीचा इशारा देण्यास कंपन्यांना सांगितले. केवळ वयामुळे घटलेल्या टेस्टोस्टेरॉनसाठी ही औषधे नाहीत, ही मर्यादा कायम आहे.

उपचारांपूर्वी काय करावे?

लठ्ठपणा हे टेस्टोस्टेरॉन घटण्याचे मोठे कारण आहे. वजन उतरले की अनेकांत ते औषधाविना वाढते. औषध घ्यायचेच असेल, तर पुढे मूल हवे आहे का, हे डॉक्टरांना आधी सांगावे. मूल हवे असलेल्यांना बाहेरून टेस्टोस्टेरॉन देऊ नये, असे वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. गरज भासल्यास वीर्यतपासणी करून शुक्राणू गोठवून ठेवता येतात. भारतात टेस्टोस्टेरॉन हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारे औषध आहे. व्यायामशाळेत कुणाच्या सांगण्यावरून घेतलेले इंजेक्शनही शरीरातील ही ‘मोटर’ बंद करते, हे तरुणांनी लक्षात ठेवायला हवे.